दीड वर्षाच्या मदतनिसाला काम द्या

मूल चालायला लागलं की घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. ओट्याखालच्या कप्प्यातली भांडी बाहेर यायला लागतात आणि आईबाबांच्या मोबाइलवर ‘एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी शंभर उपक्रम’ अशा याद्या यायला लागतात. मग मूल झोपल्यावर रात्री जागून तांदूळ रंगवायचे, पुठ्ठ्याला भोकं पाडायची, रंगीत गोंडे मागवायचे. दुसऱ्या दिवशी मूल त्या सगळ्या थाटाकडे जेमतेम चार मिनिटं बघतं, मूठभर तांदूळ उधळतं आणि कुकरचं झाकण उचलून चालू पडतं.

‘याचं कशात लक्षच लागत नाही,’ असं आपण म्हणून टाकतो. वास्तविक मुलाने आपली आवड अगदी स्वच्छ सांगितलेली असते. कुकरचं झाकण त्याला हवं असतं, कारण ते रोज आईच्या किंवा बाबाच्या हातात दिसतं. मोठी माणसं करतात ते आपणही करायचं, ही या वयाची जबर ओढ. ती ओळखली तर घरी शिकवण्याचा प्रश्न बराचसा सुटतो. एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी घरातलं रोजचं काम हाच अभ्यासक्रम धरावा. त्याला वेगळा तास लागत नाही आणि विकतचा संचही लागत नाही. कामाची मांडणी थोडी बदलावी लागते आणि पाच मिनिटांचं काम पंधरा मिनिटांत उरकायची तयारी लागते.

जुनीच वाट

ही काही आजची टूम नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममधल्या एका गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. पाणी ओतणं, टेबल पुसणं, बटणं लावणं अशी खरीखुरी कामं त्यांच्या पद्धतीत पहिल्यापासून मानाची राहिली आहेत. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडण्यासारखी नव्हती. या दोघींनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं अशा भोवतालच्या वस्तूंमधून साधनं उभी केली.

अगदी लहान मुलांच्या बाबतीत जमैकातला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेली, नऊ महिने ते दोन वर्षांची १२९ मुलं निवडली गेली. त्यांपैकी काही घरांत आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायच्या आणि रिकाम्या बाटल्या, पुठ्ठे अशा टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसं खेळायचं, काय बोलायचं ते आईला दाखवायच्या. हे दोन वर्षं चाललं. ती मुलं बावीस वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर ज्या मुलांना असा खेळ मिळाला नव्हता त्यांच्यापेक्षा यांची कमाई सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी उभी केलेली ही पद्धत पुढे ओडिशात कटकच्या वस्त्यांमध्येही वापरली गेली. यातली खेळणी कचऱ्यातून आलेली होती. खरं काम केलं ते आईने मुलाकडे दिलेल्या लक्षाने. आपल्या महिला व बालविकास मंत्रालयानेही २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला. त्याचाही भर घरच्या वस्तू, खेळ आणि बोलणं यांवरच आहे.

ओट्याजवळची शाळा

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू, कारण मूल तिथेच घुटमळत असतं. गॅस आणि विळी-सुरीपासून लांब, जमिनीवर एक चटई टाका. ती त्याची जागा. खालचा एक कप्पा त्याच्या नावावर करा. त्यात स्टीलचे दोन-तीन डबे, त्यांची झाकणं, एक चाळणी, लाकडी पळी आणि प्लॅस्टिकची वाटी. कोणतं झाकण कुठल्या डब्याला बसतं, हे शोधण्यात वर्षाचं मूल बराच वेळ रमतं. मोठं झाकण लहान डब्यावर ठेवून पाहतं, ते घरंगळतं, मग दुसरं घेतं. आपण पुढे होऊन ‘हे नाही, ते’ म्हणायचं नाही. चूक दाखवायचं काम डबाच करतो.

पहिल्या वर्षानंतर लगेच देता येईल असं काम म्हणजे कांदे-बटाटे. बाजारातून पिशवी आली की दोन टोपल्या समोर ठेवायच्या. एक कांदा इकडे, एक बटाटा तिकडे, असं दोनदा करून दाखवायचं. सुरुवातीला सगळं एकाच टोपलीत जाईल. दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास बरीच मुलं बरोबर वेगळं करू लागतात. सारखं आणि वेगळं ओळखणं ही गणिताची पहिली पायरी आहे. आकडे त्यानंतर येतात.

दीड-पावणेदोन वर्षांचं मूल मटार सोलायला बसलं की काय घडतं, ते जवळून पाहा. शेंग तुम्ही अंगठ्याने अर्धी उघडून हातात देता. मूल एका हाताने शेंग धरतं, दुसऱ्या हाताचं पहिलं बोट आत घालतं आणि दाणा ढकलतं. दाणा उडतो. मूल थांबून तो कुठे गेला ते बघतं आणि उठून त्याच्या मागे जातं. परत येऊन दुसऱ्या दाण्याला जरा कमी जोर लावतं. तिसरा दाणा वाटीत पडतो आणि ‘टण्’ आवाज येतो. मूल तुमच्याकडे बघतं. त्या दोन मिनिटांत दोन हातांनी मिळून काम करणं झालं, जोर कमी-जास्त करणं झालं, ‘आत’ आणि ‘बाहेर’ झालं. ‘पडला वाटीत!’ एवढंच तुम्ही म्हणायचं. मात्र मटाराचा कच्चा दाणा घशात अडकू शकतो. जे मूल अजून हाती येईल ते तोंडात घालतं, त्याला हे काम देऊ नका. मोठ्या मुलालाही तुम्ही समोर बसलेले असाल तेव्हाच द्या.

मेथी-पालक निवडताना काही देठ त्याच्या हातात द्यावेत, पानं तोडू द्यावीत, अर्धी फुकट गेली तरी चालेल. पोळ्या करताना लिंबाएवढा कणकेचा गोळा द्यावा. दाबणं, लांबवणं, बोटाने भोक पाडणं, चिमटे काढणं हे सगळं त्यात होतं आणि बोटांना ताकद येते. परातीत मूठभर रवा पसरून दिला तर त्यात बोटाने रेघा ओढता येतात, चमच्याने एका वाटीतून दुसऱ्या वाटीत भरता येतो. दोन वर्षांनंतर परातीतच दोन छोटे पेले ठेवा, एकात अर्धा पेला पाणी भरा आणि दुसऱ्यात ओतायला सांगा. पाणी सांडणार. म्हणून तर परात. शेजारी त्याचं स्वतःचं एक लहान फडकं असलं की पुसणं हाही त्याच खेळाचा भाग होतो.

शेवटची पायरी मुलाची

कपडे घालणं, चपला काढणं अशा कामांत आईबाबांची सकाळ जाते, कारण मुलाला ‘मीच’ करायचं असतं आणि जमत काहीच नसतं. यावर एक साधी युक्ती आहे. कामाच्या पायऱ्या पाडा आणि सगळ्यात शेवटची पायरी मुलासाठी ठेवा. चड्डी गुडघ्यांच्या वर आणून द्या, कमरेपर्यंत मूल ओढेल. मोजा टाचेपर्यंत चढवा, वर ओढायचं काम त्याचं. ते जमलं की आणखी एक पायरी मागे जा. पहिली पायरी मुलाला दिली तर काम अर्ध्यावर अडतं आणि रडारड होते. शेवटची दिली तर काम त्याच्या हातून पूर्ण होतं आणि ‘मी केलं’ हे समाधान त्याच्या पदरात पडतं.

हीच युक्ती सगळीकडे लावता येते. केळं तुम्ही देठाकडून थोडं सोला, पुढचं साल मूल ओढेल. पुस्तक कपाटात ठेवताना कप्पा तुम्ही मोकळा करा, पुस्तक आत सरकवेल ते. धुतलेले कपडे वाळत घालताना बादलीतून एकेक कपडा काढून देणं हे दोन वर्षांच्या मुलाचं अगदी हक्काचं काम. वाळलेले मोजे समोर पसरून जोड्या लावायला बसवा. आधी दोनच जोड्या, रंगाने ठळक वेगळ्या.

अंघोळ हा आणखी एक तास आहे, फुकट मिळालेला. रिकामी वाटी तरंगते, तिच्यात पाणी भरलं की बुडते. चाळणीतून पाणी गळतं, मगातून गळत नाही. कारणं सांगत बसू नका. पुन्हा पुन्हा करू द्या. ‘आता पाठ, आता कोपर, आता टाच’ असं म्हणत साबण लावला की अवयवांची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

काय बोलायचं आणि कधी थांबायचं

मुलाशी बोला, असा सल्ला सगळेच देतात. कसं बोलायचं ते फारसं कोणी सांगत नाही. पहिला नियम असा की मूल ज्याकडे बघतंय त्याबद्दल बोलावं. ते खिडकीतल्या कावळ्याकडे बघत असताना हातातल्या चित्रातला हत्ती दाखवण्यात अर्थ नाही. दुसरा नियम, त्याच्या बोलण्यात थोडी भर घालावी. मूल म्हणालं ‘भूभू’, की आपण म्हणावं, ‘हो, काळा भूभू. भूभू पळाला.’ त्याने ‘पाई’ म्हटलं तर ‘पाई नाही, पाणी म्हण’ असं अडवू नये. ‘पाणी हवंय? हे घे पाणी,’ म्हणून पेला पुढे करावा. बरोबर उच्चार त्याच्या कानावर पडला, तेवढं पुरे.

तिसरा नियम पाळायला सगळ्यात अवघड. बोलून झालं की थांबायचं. मनात पाचपर्यंत आकडे मोजायचे. लहान मुलाला ऐकलेलं समजून उत्तर जुळवायला वेळ लागतो आणि आपण तेवढ्यात दुसरा प्रश्न टाकतो. पाहुण्यांसमोर ‘नाक कुठाय? काऊ कसा करतो? मावशीला गाणं म्हणून दाखव’ अशी तोंडी परीक्षा तर टाळाच. त्यात भाषा वाढत नाही, मूल बुजतं मात्र.

नादाच्या शब्दांची मराठीत चंगळ आहे, ती वापरा. फोडणी चर्र करते, पाऊस टपटप पडतो, दार धाडकन आपटतं, बशी खळकन फुटते. नीट बोलता न येणारं मूलही हे आवाज आधी उचलतं. बडबडगीतं आणि बोटांचे खेळ याच कारणाने पिढ्यान्‌पिढ्या टिकले. घरात दोन भाषा असतील, बाबा कन्नड आणि आई मराठी, किंवा घर बंगळुरूला नाहीतर परदेशात असेल, तरी गोंधळ होईल म्हणून मराठी सोडायचं कारण नाही. ज्याला जी भाषा मनापासून येते त्याने ती बोलावी. मोडक्या इंग्रजीत दिलेल्या सूचनांपेक्षा आजीच्या अस्सल बोलीतली गोष्ट मुलाला कितीतरी जास्त शब्द देते.

गोष्टीसाठी जाड पानांचं चित्रांचं पुस्तक घ्यावं. माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच आहे, प्रथम बुक्स आणि नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त मराठी पुस्तकं आहेत. पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं पाहिजे असं नाही. मूल मधलं पान उघडून तिथेच थांबेल, उलटं धरेल, तेच पुस्तक रोज मागेल. मागू द्या. पुढे काय येणार हे माहीत असण्यातच त्याची मजा असते. नातेवाइकांच्या फोटोंचा जुना अल्बम हेही छान पुस्तक आहे. काका, मामा, आत्या हे शब्द चेहऱ्यांसकट पाठ होतात. चिऊ-काऊची गोष्ट सांगताना प्रत्येक वेळी दारावर टकटक करायचं काम मुलाकडे द्या.

अंग हलवायला जागा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक-दोन वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. आकडा मोठा वाटतो, पण चालणं, चढणं, ढकलणं, वाकणं सगळं यात धरायचं. दोन खोल्यांच्या घरातही ते जमतं. गादीवर उशांचा डोंगर करा. कपड्यांची टोपली एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकलायला द्या. अर्धा किलो डाळीची पिशवी डब्यापर्यंत आणायला सांगा. जड वस्तू उचलून नेण्यात लहान मुलांना विलक्षण आनंद होतो आणि खूप अस्वस्थ झालेलं मूलही अशा कामाने पुष्कळदा शांत होतं.

रोज थोडा वेळ बाहेर न्या आणि त्याच्या चालीने चाला. दूध आणायला दहा मिनिटं लागत असतील तर अर्धा तास हाताशी ठेवून निघा. फाटकाजवळच्या मुंग्या, गळलेलं बदामाचं पान, डबकं, उभी रिक्षा ही सगळी त्याची स्थळदर्शनं आहेत. दुसरं मूल भेटलं आणि दोघं शेजारी बसून आपापलं खेळत राहिली, तर ‘शेअर कर’ म्हणून मागे लागू नका. एकत्र खेळ पुढे येतो. या वयात शेजारी बसून आपापलं खेळणं हीच रीत आहे.

लिहायची घाई नको

शेजारचं अडीच वर्षांचं मूल ‘अ’ काढतं म्हणून आपल्याला धडकी भरते. तेव्हा मुलाचं मनगट आठवा. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः त्यांच्या जागी बहुतेक मऊ कूर्चाच असते. वर्षाच्या मुलात त्यांपैकी साधारण दोनच हाडं क्ष-किरणात दिसतात, बाकीची पुढच्या काही वर्षांत एकेक करून घडतात. अशा हातात पेन्सिल देऊन ओळीत अक्षरं गिरवून घेणं ही घाई आहे. हाताला तयार करायचं ते कणीक मळून, मटार सोलून, ओलं फडकं पिळून.

रेघोट्यांना मात्र मुळीच बंदी नाही. जाड खडू मुठीत धरू द्या. शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर, नसेल तर जमिनीवर चिकटवलेल्या मोठ्या कागदावर. भिंत रंगवायचा जुना ब्रश आणि तांब्याभर पाणी दिलं की गच्चीच्या कठड्यावर तासभर चित्रकला चालते आणि उन्हात ती आपोआप पुसलीही जाते. ‘हे काय काढलंस?’ असं विचारू नका, बहुतेक वेळा ‘हे काय’ असं काही नसतंच. हात फिरला आणि खूण उमटली, एवढ्यावर ते खूश असतं.

आकड्यांचंही तेच. वीसपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ‘दोन चमचे आण’ म्हटलं तर मूठभर घेऊन येतं. पानं मांडताना ‘आजीला एक वाटी, बाबाला एक वाटी’ करत वाढणारं मूल मोजणं खऱ्या अर्थाने शिकतं.

खेळणी कमी, पसारा थोडा

घर खेळण्यांनी भरलेलं असलं की मूल एक धरतं, टाकतं, दुसरं धरतं. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांवर याचा अभ्यास झाला. समोर सोळा खेळणी होती तेव्हापेक्षा चारच होती तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तेव्हा चार-पाच खेळणी टोपलीत ठेवा, बाकीची माळ्यावर टाका आणि आठवड्याने अदलाबदल करा. वाढदिवसाला काय आणू असं विचारणाऱ्या मामाला लाकडी ठोकळे सांगा, नाहीतर पुस्तक.

मूल वस्तू फेकत असेल तर ते बहुधा खोडी काढत नसतं, वस्तू कशी पडते ते बघत असतं. फेकायची परवानगी असलेल्या वस्तू द्या. मोज्यांचे गोळे आणि समोर रिकामी बादली, एवढं पुरतं. वाटी फेकली तर ‘वाटी ठेवायची. फेकायला हे घे,’ असं एकदाच शांतपणे सांगून हातात मोजा द्या. मूल भुकेलेलं किंवा झोपाळलेलं असेल तर कुठलंच काम पुढे करू नका. कंटाळून निघून गेलं तर जाऊ द्या. या वयात पाच मिनिटं टिकलेलं लक्षही थोडकं नाही.

त्याने पुसलेली फरशी त्याच्यादेखत पुन्हा पुसू नका. ते झोपल्यावर पुसा. शाब्बासकीही जरा बेताने. प्रत्येक गोष्टीला टाळ्या वाजवल्या तर मूल कामाकडे बघायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. ‘सगळे बटाटे टोपलीत गेले’ असं घडलेलं सांगितलं की त्याला आपल्या कामाची दखल पोचते. आणि ही कामं मुलगा-मुलगी दोघांची. बाबा कणीक मळतो, आई बल्ब बदलते हेही घरात दिसलं, तर ते वेगळं शिकवावं लागत नाही.

वेळ कुठून आणायचा?

नोकरी करणाऱ्या आईबाबांचा प्रश्न रास्त आहे. सकाळी साडेसातची लोकल पकडायची असेल तर मुलाला मोजे ओढत बसवणं शक्य नाही. त्या वेळी सरळ कपडे घालून मोकळं व्हावं, मनाला लावून घेऊ नये. दिवसातलं एकच काम निवडा, जे तुम्हाला तसंही करायचंच आहे आणि ज्याला घाई नाही. संध्याकाळची भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, झाडांना पाणी. पंधरा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. दिवसभर आजी-आजोबा किंवा सांभाळणाऱ्या मावशी असतील तर त्यांनाही एकच काम ठरवून द्या. अनेक आज्यांना हे सांगावंही लागत नाही. ताक घुसळताना, वाती वळताना नातवंडाला शेजारी बसवायची त्यांना सवय असते. पाळणाघर निवडताना भिंतीवरची चित्रं पाहू नका. मुलांना स्वतःच्या हाताने जेवू देतात का, त्यांच्याशी बसून बोलतात का, ते विचारा.

मोबाइलबद्दल थोडक्यात. दोन वर्षांपर्यंत पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सने, २०२१ मध्ये सांगितलं आहे. लांब राहणाऱ्या आजीशी व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं बोलणं यात धरू नका. भरवताना मोबाइल लावायची सवय मात्र आधी मोडा. घास कुठला, चव कसली याचा मुलाला पत्ताच लागत नाही आणि बोलण्याची हक्काची वेळ हातची जाते.

वयाप्रमाणे कामं

एक ते दीड वर्ष: डब्यांना झाकणं लावणं, टोपलीत भरणं आणि ओतणं, कांदे-बटाटे टाकणं, हाक मारल्यावर वस्तू आणून देणं, ओल्या फडक्याने फरशी थोपटणं.

दीड ते दोन वर्षं: भाजीची पानं तोडणं, कणीक दाबणं, केळं सोलणं, आपला मळका कपडा बादलीत टाकणं, छोट्या मगाने झाडाला पाणी घालणं.

दोन ते तीन वर्षं: पाणी ओतणं, मोज्यांच्या जोड्या, पानं मांडणं, उकडलेला बटाटा हाताने कुस्करणं, कपडे वाळत घालायचे चिमटे दाबून लावणं, केरसुणीने आपल्यापुरता केर काढणं.

वयं कमी-जास्त होतात. तुमचं मूल जिथे असेल तिथून सुरू करा.

एवढं सांभाळा

तुम्ही समोर बसून सोलायला दिलेला मटार सोडला, तर साधारण तीन सेंटिमीटरहून लहान कुठलीही टणक वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती पडू देऊ नका. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, नाणी, मणी, फुटलेल्या फुग्याचे तुकडे या सगळ्यांनी घसा अडू शकतो. द्राक्षं उभी चिरून द्या. रिमोट आणि गाणाऱ्या खेळण्यांमधले बटणासारखे चपटे सेल सर्वांत घातक. ते गिळले तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, म्हणून नुसती शंका आली तरी तडक रुग्णालय गाठा. बादली आणि टब काम झाल्याबरोबर रिकामे करा. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. फिनाईल, अ‍ॅसिड, रॉकेल थंड पेयाच्या जुन्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका.

मुलांची गती वेगवेगळी असते, पण काही खुणा दिसल्या तर वाट पाहू नये. दीड वर्षापर्यंत आधाराशिवाय चालत नाही, बोटाने दाखवत नाही, नावाने हाक मारल्यावर वळून बघत नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेली गोष्ट करेनासं झालं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणीही करून घ्या. ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ ही समजूत पुष्कळ महिने खाते. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांची तपासणी करतं आणि गरज असेल तर जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. ही सेवा मोफत आहे.

सुरुवात

वरची सगळी कामं एकदम सुरू केलीत तर आठवड्याभरात तुम्ही थकाल आणि मग पुन्हा तांदूळ रंगवायची वेळ येईल. एकच काम निवडा आणि पंधरा दिवस रोज तेच ठेवा. जागा तीच, टोपली तीच, वेळही शक्यतो तीच. पहिले दोन-तीन दिवस तुम्हीच जास्त कराल. मग एखाद्या दिवशी तुम्ही भाजीची पिशवी उघडायच्या आत मूल टोपली ओढत घेऊन येईल. ते आलं की दुसरं काम वाढवा. तोवर आजच्यापुरतं एवढंच: रात्रीच्या भाजीसाठी कोथिंबिरीची जुडी सोडली की चार काड्या बाजूला काढा, चटईवर ठेवा आणि मदतनिसाला हाक मारा.